आयव्हरचा उजवा हात

४ नोव्हेंबर १९३९
अमेरिकेचा तटस्थतेचा कायदा बदलला! म्हणजे आता युरोपनं रोख पैसे मोजायचे, आपापल्या जहाजातून आमच्या बंदुका न्यायच्या आणि आम्ही मात्र तटस्थ. शब्दकोश घेऊन अख्खा कायदा वाचला. एवढंच कळलं, की खाटकाला सुरी विकायची आणि हात धुऊन टाकायचे.

सिनेटरला पाठवायला अर्ज लिहिला – आमची पोरं युद्धावर पाठवू नका. पहिली सही माझी, दुसरी दिराची. टॉर्स्टन म्हणाला, "वहिनी, मागच्या युद्धानं आमच्या एलिंगला खाल्लं तेवढं पुरे झालं."

एलिंग, माझा नवरा, फ्रान्सच्या आघाडीवरून परत आला होता, पण फुप्फुसात विषारी वायू घेऊन. चार वर्षं थुंकत थुंकत मेला. शेवटी रक्ताबरोबर मांसाचे तुकडे पडायचे, मी ते बादलीत धरायची. आयव्हर तेव्हा तीन वर्षांचा. त्याला बाप आठवत नाही. मला खोकला आठवतो.

११ डिसेंबर
एकसष्ट सह्या.

१४ एप्रिल १९४०
नॉर्वेत जर्मन घुसले. आज प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालली होती. मी कागद पुढे केला. टॉर्स्टननं ओढून घेतला, टराटरा फाडला आणि माझ्याच कपात कोंबला. "आपल्या वाडवडिलांच्या देशावर बॉम्ब पडतायत, आणि तुम्ही सह्या गोळा करताय? लाज वाटत नाही?"

आयव्हर उठला. "काका, आईशी नीट बोला." टॉर्स्टननं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दात ओठात घुसला. पांढऱ्या टेबलक्लॉथवर रक्त! पाद्रीबुवा नुसते "अहो, अहो" करत राहिले. बायकांनी आधी केक उचलले.

१७ एप्रिल
दाराला कोंबडी लटकवली होती. मान पिरगळलेली, पिवळी रंगवलेली. पिवळा, म्हणजे इथे भित्र्यांचा रंग. पिसं काढली, रंग कातडीपर्यंत गेला होता. पुरली.

२ जून
आयव्हर रेडिओपासून हलत नाही. म्हणतो, "काकाचं चुकलं नव्हतं, आई." ओठावर अजून वण आहे!

१६ नोव्हेंबर
टोरांटोजवळ नॉर्वेच्या वैमानिकांची छावणी उघडली आहे. आयव्हर जाणार. पंचवीस तारखेची गाडी. मी ओरडले, ताट फेकलं, त्याच्या छातीवर मुठी मारल्या. तो उभा राहिला, मारू दिलं. "आई, मी बाबांसारखा चिखलात नाही मरणार. वर असेन, आकाशात."

वर! तिथून पेटून खाली येतात, तेही वाचलंय मी.

२३ नोव्हेंबर
डुक्कर मारलं. दरवर्षीप्रमाणे टॉर्स्टन आणि त्याची दोन्ही पोरं आली. मारामारी झाली म्हणून डुक्कर कापायचं थांबत नाही, आमच्यात तसंच असतं. टॉर्स्टननं गळा चिरला, पोरांनी उकळतं पाणी ओतून केस खरवडले, मी सॉसेजसाठी रक्त ढवळत राहिले. एलिंग गेल्यापासून खूर तोडायचं काम माझं. आयव्हर तंगडी ठोकळ्यावर धरतो, मी घाव घालते. सतरा डुकरं झाली, एकदाही चुकले नाही.

आज कुऱ्हाड घसरली. आयव्हरच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं. बर्फात पडली. आयव्हर ओरडलाही नाही आधी, नुसता बघत राहिला. मग ओरडला.

२४ नोव्हेंबर
डॉक्टरनं शिवलं. तिकडे नेताना टॉर्स्टन गाडी हाकत म्हणाला होता, "वहिनी, तुमचा हात तर कधी चुकत नाही." मी म्हटलं, थंडीनं बोटं बधिर झाली होती.

आयव्हर शुद्धीवर आल्या आल्या माझी समजूत काढू लागला. "तुझा काय दोष, आई? रडू नकोस."

२५ नोव्हेंबर
गाडीची शिट्टी ऐकू आली. दोघांनीही मान वर केली नाही.

३० मार्च १९४१
आयव्हरनं तरीही अर्ज धाडला होता, त्याला छावणीचं उत्तर आलं. नको म्हणाले. आयव्हरनं गोठ्याच्या भिंतीवर तोच हात आपटून आपटून जखम उघडली. मी पुन्हा बांधली.

१२ डिसेंबर
सोमवारपासून आपणही युद्धात. टॉर्स्टनची दोन्ही पोरं भरती झाली. आयव्हर त्यांना स्टेशनवर सोडून आला, खुर्चीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. "आई, त्या दिवशी ती कुऱ्हाड घसरली नसती तर—"

मी त्याला कॉफी दिली.

घसरली नव्हती.