डॉर्कसबाईंचे शेवटचे शब्द

३ फेब्रुवारी १७७९, बुधवार

डॉर्कसबाईंनी आज पेजेचा वाडगा भिंतीवर फेकला. "ही पेज आहे की भांडी धुतलेलं पाणी?" पुसलं मीच. एकोणतीस वर्षं मी या खोल्या पुसतेय, आणि बाई शेवटच्या आजारातही माझ्या चुका काढायचं सोडत नाहीत! ब्रिस्टलमधल्या आजारी, निराधार बायकांसाठी त्यांनीच हे घर काढलं. आता त्यातल्याच एका खाटेवर पडून आहेत.

मर्सी रस्सा घेऊन आली. टोपीवाल्याची मुलगी, एप्रिलमध्ये लग्न आहे — राल्फ खोगीरवाल्याशी. "घोडे ऐकतात हो त्याचं, मी कशाला ऐकू!" म्हणून खो खो हसली. खाटांवरच्या बायकाही हसल्या. माझ्याच पोटात दुखलं.

४ फेब्रुवारी

उपदेशक बॅस्टेबल येऊन गेले. वय पंचवीस, आवाज मात्र पन्नाशीचा. "भगिनी डॅमरिस, कागद-दौत उशाशी ठेवा. एक शब्द निसटता कामा नये!" आमच्या मंडळीतलं कुणी जायला टेकलं की त्याचे अखेरचे शब्द टिपायचे आणि प्रीतिभोजनात, पाव आणि पाण्याचा पेला फिरायच्या आधी, सगळ्यांपुढे वाचायचे. येत्या रविवारनंतरच्या रविवारी प्रीतिभोजन आहे. म्हणजे बाईंनी त्याआधी जावं, असा हिशेब!

"आनंदाने गेलेल्यांचे शब्द ऐकून कितीतरी जण देवाकडे वळतात," म्हणाले. मला सांगताय? माझी धाकटी बहीण ज्युडिथ या घरात सेवेला होती. तापाने गेली तेव्हा मी बाथ शहरात चाकरीला. मालकिणीने सोडलं नाही. उशाशी डॉर्कसबाई होत्या, शब्द त्यांनीच टिपले — "दार उघडं आहे. माझी जागा डॅमरिसने घ्यावी." ते वाचलेलं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मी गिल्बर्टला नाही म्हणाले. जहाजावरचा सुतार होता. आमच्या घरासाठी दोन खुर्च्या करून ठेवल्या होत्या त्याने.

७ फेब्रुवारी

बाईंना आज अन्न गेलं नाही. माझ्यावर ओरडल्या मात्र पोटभर.

८ फेब्रुवारी, सोमवार

आज घडलं ते लिहिणारच.

सकाळी कागद घेऊन बसले. विचारलं, "बाई, काही दिसतंय का? शांत वाटतंय?"

"छत दिसतंय. गळकं आहे." मग माझ्याकडे वळल्या. "ठेव तो कागद. ज्युडिथ तसलं काही बोलली नव्हती."

वाटलं, भ्रम झालाय. "मग काय बोलली?"

"तुला हाका मारत होती. दोन दिवस. डॅमी कुठाय, डॅमी का येत नाही. मग शिव्या — मला, देवाला. मग पाणी मागितलं आणि गेली. हे वाचून दाखवू लोकांना?"

"आणि तिची जागा मी —"

"अकरा बायका पडून होत्या, हात माझे दोन. मला माणूस हवं होतं गं पोरी! तू कामाची होतीस."

कामाची!

तो सुरकुतलेला गळा आवळावासा वाटला मला. लिहिलं खरं. राहू दे, खोडत नाही.

९ फेब्रुवारी

वर गेले नाही. पेज दुसऱ्या बाईच्या हाती पाठवली.

१० फेब्रुवारी

आजही गेले नाही. अंगणात चादरी धूत होते. भर दुपारी खिडकीतून हाक आली — "डॅमरिस!" जरा वेळाने पुन्हा. मी चादर पिळत राहिले. मारू देत हाका, म्हटलं, माझी ज्युडिथही मारत होती. तिसरी हाक आली नाही.

सगळ्या चादरी वाळत घातल्या, चिमटेसुद्धा नीट लावले, आणि मग वर गेले. बाई गार पडत चालल्या होत्या. डोळे दाराकडे. शेजारच्या खाटेवरची म्हातारी ठार बहिरी. उशाशी कागद कोरा.

१२ फेब्रुवारी

पुरलं. बॅस्टेबलांनी कबरीपाशीच हात पुढे केला. "कागद? एवढी राबलेली बाई, मुकी थोडीच गेली असेल!" जिभेवर आलं होतं — नाही हो, मला हाका मारत गेली, मीच गेले नाही. गिळलं. उद्या देते, म्हणाले.

१३ फेब्रुवारी

लिहिलं. "दार उघडं आहे. माझी जागा कुणीतरी घ्यावी." शब्द शोधावे लागले नाहीत. एकोणतीस वर्षं पाठ आहेत.

१४ फेब्रुवारी, रविवार

वाचलं. बॅस्टेबलांनी, उभं राहून. सगळं प्रार्थनाघर रडत होतं. पाण्याचा पेला माझ्याकडे आला, तो मी ओठाला न लावता पुढे दिला.

१५ फेब्रुवारी

सकाळी सहाला दार वाजलं. मर्सी! डोळे सुजलेले, पण चेहरा असा उजळलेला की बघवेना. "राल्फला मी कालच लग्नाला नाही म्हटलं," म्हणाली. "डॉर्कसबाईंची जागा मी घेते. त्यांनीच मागितलंय ना?"

खरं सांगायला तोंड उघडलं. मागे खाटेवरून कुणीतरी कण्हलं. घरात चौदा बायका आहेत, हात माझे दोन.

एप्रन खुंटीला आहे, म्हटलं.