रेडिएटरवरचा लाल ठिपका

मंजू,

तू आंघोळीले गेली तेव्हा ही चिठ्ठी लिहून राहिलो. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही.

सकाळी गाडीचं बोनट उघडून पाहिलं. डेंटिंगसाठी गुड्डूच्या गॅरेजले गाडी देताना तू रेडिएटरवर नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, लग्नाघरी भांडे देताना बुडाले लावते तसा. मी हसलो होतो. म्हटलं, गुड्डू माहा शाळेतला दोस्त आहे, भांडे पळवणारी पाहुणी नाही.

तो ठिपका आता तिथं नाही. रेडिएटरच आपला नाही. कोणाचा तरी जुना, गळका बसवून दिला आहे. म्हणून तिरोड्याच्या रस्त्यावर गाडी तापली अन् तुह्या हातात इंजिन जाम झालं.

अन् मी तिरोड्याले तुह्या माहेरच्या अंगणात, तुह्या बाबासमोर म्हटलं, गरमीचा काटा पाहता येत नाही तर गाडी चालवते कायले. तेव्हापासून तू माह्या मोटरसायकलच्याबी किल्लीले हात लावला नाही, हे मले दिसत होतं.

नेलपॉलिशची शिशी सोबत नेऊन राहिलो. गुड्डूकडे आपला रेडिएटर सापडला तर रंग जुळवून दाखवीन. नाही सापडला तरी तिथून तिरोड्याले जाईन. जे बोललो ते त्याच अंगणात, सगळ्यांसमोर परत घेतो.

माहा डबा भरू नको. तिथं जेवाले बसवलं तर जेवीन, नाही तर उपाशी येईन.

हिरालाल