तुझ्या नावाची दुरडी

आर्णीजवळचा तांडा
श्रावण, तीज पेरल्याचा तिसरा दिवस

प्रिय अनघा बेटा,

तुझ्या पूनमकाकाचं अक्षर पाहून हसू नकोस. ते अजून तसंच आहे, चिखलात कोंबडी नाचून गेल्यासारखं. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. एसटीच्या पाट्या वाचत वाचत मी अक्षरं गोळा केली, आणि पुढं तुझे बाबा कमलाकरराव आर्णीच्या कचेरीत होते तेव्हा त्यांच्याकडचे जुने पेपर वाचून ती अक्षरं जोडायला शिकलो. तू तेव्हा एवढीशी होतीस. बाबांच्या सायकलीच्या दांडीवर बसून तांड्यावर यायचीस आणि तुझ्या काकीच्या, बसंतीबाईच्या, घागऱ्यावरचे आरसे मोजायचीस. मोजून झाले की ती मुद्दाम गर्रकन फिरायची, म्हणजे तुला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागे. मग बाबांची उमरखेडला बदली झाली आणि तू गेलीस. आज नागपूरला कापसाचा धागा तपासायच्या प्रयोगशाळेत तू एवढी मोठी झालीस, पण बसंतीबाईला विचारशील तर ती म्हणते, "ते पोरगी तवापासूनच मोजणारी व्हय."

दोन वर्षांपूर्वी तू आमच्या गावच्या शाळेत आली होतीस आणि तांड्यावर पाय न लावता संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलीस. मला राग नाही. का थांबली नाहीस ते मला समजतं. पण त्या दिवसाची अर्धीच गोष्ट तुला ठाऊक आहे. उरलेली अर्धी माझ्याजवळ आहे. ज्या पोरीच्या दुरडीला तुझा हात लागला, ती उज्ज्वला माझी नात, भीमसिंगची पोरगी. त्या दिवशी तिचं शिक्षण राहतं की जातं अशी पाळी आली होती. पुढं काय झालं ते तुला सांगायचं राहिलंच.

आधी तिजेचं सांगतो, कारण तू लहानपणी गेलीस आणि तीज कधी पाहिली नाहीस. श्रावणात आमच्या तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी दुरडीत वारुळाची माती भरून गहू पेरतात. दुरड्या अंधाऱ्या सावलीत ठेवायच्या, गाणी म्हणत पाणी घालायचं. कोंब पिवळेधमक वाढले पाहिजेत. जिची तीज दाट, तिचं घर दाट, असं बाया मानतात. शेवटच्या दिवशी नायकाच्या हातानं पहिला कोंब खुडायचा, मग वाजतगाजत नदीवर न्यायचं. त्याआधी कोंबाला कोणी नख लावायचं नाही, आणि पोरींनी दुरड्या सोडून तांड्याबाहेर जायचं नाही. या तांड्याचा नायक मीच, म्हणून परवानगी द्यायचा-नाकारायचा मान माझा.

त्या साली शाळेच्या शुभदा मॅडमनी करिअरचा मेळावा ठेवला. मुलींनी विज्ञानाच्या, यंत्रांच्या नोकऱ्या पाहाव्यात म्हणून त्या कामातल्या बायकांनाच बोलावलं. पोरी त्याला "क्यारेर" म्हणायच्या. तो काळ तुला आठवतो. आपल्या जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते काळ्या चौकटीतच, आणि कापूस म्हटलं की घरात कोणी वर मान करत नव्हतं. अशात मॅडम घरोघरी फिरून सांगत होत्या की पोरी पाठवा. मला त्या बाईचं भारी कौतुक. फक्त तारीख काढताना त्यांनी शाळेचं कॅलेंडर पाहिलं, तांड्याला विचारलं नाही. मेळावा पडला ऐन तिजेत. पोरी माझ्यासमोर रांगेत उभ्या. उज्ज्वला पुढं. "दादा, जाऊ दे ना." आमच्यात आजोबाला दादा म्हणतात. मी म्हटलं, तीज सोडून जाता येत नाही. पोरींचे चेहरे उतरले. मग मीच म्हटलं, पण तीज घेऊन जाता येत नाही असं तर कोणी सांगितलं नाही! हरिसिंगच्या काळीपिवळीत दुरड्या, पोरी आणि सोबतीला बसंतीबाई, सगळं कोंबून पाठवलं. गाडी वळणाआड गेली तरी गाण्याचा आवाज येत होता.

पुढचं मी पाहिलं नाही, बसंतीबाईच्या तोंडून ऐकलं. पोरींनी दुरड्या व्हरांड्याच्या कोपऱ्यात सावलीला ठेवल्या. तू आलीस, पिवळे कोंब पाहिलेस आणि तुला वाटलं, हा मुलींनी मांडलेला प्रयोग! किती खूश झालीस म्हणे. "वा! उजेडाशिवाय उगवण! कोणी केलं हे?" एक दुरडी उचलून टेबलावर ठेवलीस, समोर पुठ्ठा लावून त्यावर लिहिलंस 'अंधारातले अंकुर', आणि मुळं दाखवायची म्हणून मधला एक कोंब हळूच उपटलास. बसंतीबाईनं तोवर तुला ओळखलं नव्हतं, ती ओरडली, "अवं बाई, काय केलं व तुमी! तीज उपटली आमची!" तुझं तोंड पांढरंफटक पडलं. कोंब हातात तसाच. पोरी रडायला लागल्या, एक सोडून. जिची दुरडी होती ती उज्ज्वला तुझ्या हाताकडं पाहत उभी. आणि तिनं विचारलं, "ताई, हा पिवळा काहून राह्यते?"

बेटा, खरी नवलाची गोष्ट इथं आहे. एखादी बाई माफी मागून पळाली असती. तू माफी मागितलीस, डोळे पुसलेस, आणि त्याच ओल्या आवाजात पोरीच्या प्रश्नाचं उत्तर दिलंस. उजेड, पानातला हिरवा रंग, सगळं. मग काळ्या मखमलीवर कापसाचे तंतू मांडून दाखवलेस. बसंतीबाईनं घरी येऊन मला सांगितलं, "कापसाचे केस विंचरते ते बाई. इत्ती इत्तीशी फणी हाये तिच्याजवळ. मंग लांब केस एकीकडं, आखूड केस एकीकडं." जन्मभर तिनं कापूस वेचला, पण त्याला केस असतात हे तिला त्या दिवशी दिसलं. ती फणी सांगताना तिची दोन बोटं अशी जुळायची की जणू नव्या नवरीची वेणी घालते आहे.

पण तेवढ्यात भीमसिंग शाळेत पोचला. कोणीतरी बाजारात सांगितलं होतं की तुझ्या पोरीची तीज मोडली. माझा मुलगा आहे, तरी सांगतो, त्याची जीभ विळ्यासारखी. सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरीची तीज मोडली अन् वरतून शिकवून राह्यल्या! धागा मोजून सांगा ना ताई, तुमच्या मशीननं कापसाले भाव येते काय? नाई येत ना? मंग आमच्या पोरीईले कायले नादी लावता?" तू मखमल घडी केलीस, फणी डबीत ठेवलीस आणि संध्याकाळची गाडी गाठलीस.

आता तू गेल्यानंतरचं ऐक. दिवे लागायच्या वेळी सारा तांडा माझ्या अंगणात गोळा. इंदूबाई सगळ्यांत पुढं. "नायक, कोंब उपटला. अपशकुन झाला. आता या पोरीचं काय चांगलं होणार हाये?" भीमसिंग म्हणाला, "शाळाच बंद करतो तिची." मी उज्ज्वलाला म्हटलं, तुला काही बोलायचं आहे का? तिनं दुरडी आणून माझ्यापुढं ठेवली. "दादा, ताईच्या हातातून म्या तो कोंब घेतला अन् तिथंच परत लावला. पाणीबी घातलं. काकी, तुमी सांगा कोणता व्हय तो." इंदूबाई वाकली. दुसरी वाकली. भीमसिंगनं कंदील जवळ धरला. कोणाला ओळखता येईना. सगळे उभे, सगळे पिवळे. इंदूबाई चिडून म्हणाली, "मंग तूच दाखव!" तर ही खुशाल म्हणते, "मलेबी नाई समजून राह्यलं." आधी बसंतीबाई हसली, मग पोरी, मग तांडा हसायला लागला. मी निकाल दिला, ज्या कोंबाला कोणी बोट लावून दाखवू शकत नाही, त्याचा दोष कोणाला लावायचा? तीज शाबूत आहे.

तीज शाबूत राहिली, पण भीमसिंग हटला नाही. दहावी करू देतो, पुढं नाही, एवढ्यावर आला. उज्ज्वलानं वाद घातला नाही. उरलेले गहू तिनं दोन वाडग्यांत पेरले, एक कोठीत, एक छपरावर. एक हिरवा, एक पिवळा. बाप जेवायला बसला की दोन्ही वाडगे त्याच्या ताटासमोर. तो म्हणायचा, "उचल हे. मी काय बकरी हाये?" पण पाहायचा. मी पाहायचो की तो पाहतो आहे.

खरी कलाटणी दिवाळीनंतर बसली. कापूस घेऊन बाप-लेक बाजारात गेले. घेणाऱ्यानं गाडीतून पुंजका ओढला, दोन बोटांत ताणला आणि म्हणाला, "आखूड आहे." म्हणजे भाव कमी. बोलणं संपलं. उज्ज्वलानं विचारलं, "कशानं मोजला?" तो हसला. "बोटानं, बाई! जन्म गेला यात." ती म्हणाली, "माझ्या आजीचाबी जन्म गेला. पण मोजायची फणी राह्यते. मी पाह्यली." आजूबाजूचे गाडीवाले हसले, आणि या वेळी ते घेणाऱ्याला हसले. भाव मात्र तोच मिळाला बेटा, तुला खोटं कशाला सांगू. पण येताना भीमसिंग बैल सावकाश हाकत होता. तांडा दिसायला लागला तेव्हा त्यानं विचारलं, "ते ताई धागा मोजते, ते शिकाले किती वर्ष लागते?" हे मला उज्ज्वलानं सांगितलं. सांगताना तिच्या गालाला खळी पडली होती. बापानं हो म्हटलं नव्हतं, पण विचारलं होतं. आमच्या घरात भीमसिंगनं काही विचारणं म्हणजे दार किलकिलं होणं.

दहावीनंतर भीमसिंगनं अडवलं नाही, आणि मागच्या वर्षापासून उज्ज्वला यवतमाळला तंत्रनिकेतनात शिकते आहे. धाग्याचं शिकवणारी शाखा तिथं नाही, म्हणून ती विजेच्या शाखेत गेली. वर्गात पोरी मोजक्याच. पहिल्या दिवशी कोणी पोरगा म्हणाला, इकडं शिवणक्लास नाही. ही म्हणाली, "माहीत हाये. म्हणूनच आली." सुटीत घरी येते तेव्हा भीमसिंग एसटीच्या वाटेवर आधीच जाऊन बसतो आणि सगळ्यांना सांगतो की मी बैल पाहायला आलो. तांड्यात दुसऱ्या लहान पोरी तिच्या मागं मागं फिरतात. कालच एकीनं मला विचारलं, "दादा, नायकीण होण्याले किती शिका लागते?" मी म्हटलं, आतापर्यंत काहीच लागत नव्हतं, म्हणून तर मी झालो. तुमच्या वेळी लागेल.

आता हे सगळं आजच का लिहितो आहे ते सांगतो. परवा शुभदा मॅडम तांड्यावर आल्या. यंदाच्या मेळाव्याला तुला बोलावलं, तर तू नाही म्हणालीस. गेल्या वर्षीही नाही म्हणालीस. मॅडमना म्हणालीस की माझ्यामुळं एका मुलीचा सण मोडला, बहुतेक शाळाही सुटली असेल, आता कोणत्या तोंडानं मुलींसमोर उभी राहू. ऐकून बसंतीबाई रडली. दोन वर्षं तू हे ओझं घेऊन फिरलीस आणि आम्ही इथं वाडग्यांवर हसत होतो. चूक आमची, तुला कोणी कळवलं नाही. तर ऐक. यंदा मॅडमनी तारीख काढायच्या आधी तांड्याला विचारलं, आणि पोरींनीच मुद्दाम तिजेतला दिवस दिला. येत्या शनिवारी. दुरड्या त्या स्वतः टेबलावर मांडणार आहेत, उज्ज्वला समोर उभी राहून सांगणार आहे, आणि तुझा तो जुना पुठ्ठा बसंतीबाईनं जपून ठेवला आहे. यंदा एक दुरडी जास्तीची पेरली आहे. तिची माती भीमसिंगनं स्वतः वारुळावरून आणली, कोणी सांगितलं नव्हतं. ती तुझ्या नावाची. ये, तुझी फणी घेऊन ये, आणि सगळ्यांसमोर तुझ्या दुरडीतला कोंब उपटून पोरींना मूळ दाखव. नायकाची परवानगी आहे.

वाट पाहणारा, तुझाच
पूनमकाका