एक जूनची माणसं

८ फेब्रुवारी २००४, रविवार

पहाटे जाग आली ती कानात वर्गाचा हेल घेऊनच. तिसरीची पोरं पावसाची कविता म्हणताहेत, आणि सगळ्यांच्या अर्धी मात्रा पुढे एकच आवाज. बबनचा. तीस वर्षं झाली असतील. मी टेबलावर छडी वाजवायचो, "थांब रे, पाऊस सगळ्यांवर पडू दे." हसायचा, आणि पुन्हा पुढे.

सौ. म्हणाली, "उठल्या उठल्या काय पुटपुटताय? चहा गार झाला."

मंगळवारी पुण्याचे डॉक्टर येणार, समाजमंदिरात. सरपंच सांगून गेला. "गुरुजी, टेबलावर तुमीच बसा. लोक तुमचं ऐकत्यात, आन् अक्षर बी तुमचंच." निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. पुन्हा हाताशी रजिस्टर. आनंद झाला, खोटं कशाला बोला. पेनात शाई भरून ठेवली.

१० फेब्रु., मंगळ.

थकलो. पण आजचं लिहायलाच हवं.

डॉ. बाई तिशीच्या, चटपटीत. म्हणाल्या, "आजारी माणूस आम्हाला ओळखू येतोच हो, गुरुजी. आम्हाला उद्याचा आजारी आज शोधायचाय." वय, रक्तदाब, साखर, तंबाखू, पोटाचा घेर, हे सगळं एका तक्त्यावर लावून बघायचं. हिरवे, पिवळे, लाल चौकोन. जो लाल चौकोनात पडेल त्याला आतापासूनच गोळ्या, म्हणजे पुढचं टळतं. तक्ता कितपत खरा ठरतो ते बघायला काही वर्षं येत राहणार. मला पत्रिका मांडणारे जोशीबुवा आठवले. त्यांनाही आधी जन्मवेळच लागायची.

नियम असा, की तपासणी चाळिशी पुरी झालेल्यांचीच. बाकीच्यांची नुसती नावं, ते पुढच्या खेपेला. वयाला पुरावा शाळेचा दाखला; ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी शाळेतलं जुनं जनरल रजिस्टर आणून ठेवलेलं. माझ्याच हातचं. बाईंनी पानं उलटली. "इतकं नीटनेटकं रेकॉर्ड मी अजून कुठल्या गावात बघितलं नाही." मग हसल्या. "पण गुरुजी, इथे सगळे एक जूनलाच कसे जन्मले?"

म्हणालो, "तारीख कुणाला ठाऊक नसायची. वर्ष बरोबर आहे."

वर्ष बरोबर आहे. मी म्हणालो हे.

दुपारी बबन आला. मढ-जुन्नर जीप चालवतो, फेरीतून वेळ काढून आलेला. पोट सुटलंय, गालात तंबाखू. बाप असाच धडधाकट, बांधावर बसला तो उठलाच नाही. पण हे विचारण्याची वेळच आली नाही. "बघा गुरुजी, माझं काय दाखिवतंय." रजिस्टर उघडलं. १ जून १९६६. "सदतीस," बाई म्हणाल्या, "तुम्ही पुढच्या खेपेला." बबन खूश. "मंग मी अजून तरणाच हाय म्हणा की! चला, पाशिंजर खोळंबल्यात." मागे रांगेत त्याची आई, हौसाबाई. तिच्याकडे बघितलं नाही. पेनाला टोपण लावलं.

११ फेब्रु.

भाकरी थापता थापता सौ.ने विचारलं, "आपली शालू किती वर्षांची झाली हो?"

"एक्केचाळीस."

"शालूच्या बारशाला हौसा आली नाही. का, तर ती स्वतःच बाळंतीण. पोटात बबन नव्हता, मांडीवर होता. मग तो सदतीसचा कसा?"

बहात्तर साल. दुष्काळ. शाळेत सुकडी मिळायची म्हणून गुरांमागची पोरं शाळेकडे वळली. बबनला दहावं लागायला आलेलं. एवढा घोडा पहिलीत कसा, तपासणीचे साहेब विचारणार. शिवाय उद्या सरकारी नोकरी लागली तर तेवढीच चार वर्षं जास्त. सहा लिहिलं. त्या एकट्याचं नाही, किती जणांचं. पोरांच्या पदरात काहीतरी टाकतोय असं वाटायचं तेव्हा. अक्षर तर असं काढायचो की

"जा की, सांगून या त्या बाईला."

"गेल्या असतील पुढच्या गावाला."

गेल्या. पण सकाळी नऊपर्यंत इथेच होत्या. मला माहीत होतं.

२ मार्च

डॉ. बाईंना पत्र लिहायला बसलो. 'इतकं नीटनेटकं' तेवढंच कानात घुमत राहिलं. 'सप्रेम नमस्कार' पर्यंत झालं.

१९ मे, बुध.

बबनच्या अंगावरून वारं गेलं. जीप भरलेली, हा चढायला गेला आणि दाराशीच खाली बसला. गाडी सुरू नव्हती हे नशीब. उजवी बाजू गेली. मंचरला नेलाय.

२२ मे, शनि.

मंचरला जाऊन आलो. तिथले डॉक्टर म्हणाले, बी.पी. बऱ्याच वर्षांचं असणार, कधी मोजलं नव्हतं का? बबनची बायको म्हणाली, "मोजणारी मानसं आली व्हती. पर हे वयात बसलं न्हाईत." माझ्याकडे रोखून म्हणाली असती तर सोसलं असतं. साधं सांगितलं तिनं, एस.टी. चुकली म्हणतात तसं.

बबन बोलतो ते कळत नाही. जीभ जड. मला बघून डोळे भरले. डावा हात कसाबसा कपाळाला नेला. गुरुजी आले, नमस्कार करायला हवा.

येताना एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. बाहेर काय होतं ते काही आठवत नाही.

१ जून, मंगळ.

आज अख्ख्या वाडीचा वाढदिवस. पाराशी दरवर्षीची चेष्टा. शंकर एस.टी.त कंडक्टर, तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्या किरपेनं तीन वर्सं जादा घंटी मारनार मी!" सगळे हसले. मीही हसलो. सवयीनं.



६ जून, रवि.

पत्र लिहिलं. तीन कागद फाडून. की रजिस्टरातली वयं मी कमी केलेली आहेत, कुणाचं दोनानं, कुणाचं पाचानं, त्यामुळे सरसकट मिळवूनही भागणार नाही. की तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. की 'या चुकीची झळ एका गृहस्थास बसली आहे.'

सौ.ला वाचून दाखवलं. "गृहस्थ? नाव विसरलात वाटतं."

नाव घातलं. पाकीट तिनं स्वतः नेऊन पेटीत टाकलं. माझा भरवसा नाही. बरोबरच आहे.

२७ जून, रवि.

उत्तर आलं. रागावल्या असत्या तर हलकं वाटलं असतं. लिहितात, वय चुकलं की तक्ता माणसाला सुखरूप ठरवून सोडून देतो. जुलैअखेर पुन्हा येतो. तोवर कोण कुणाच्या बरोबरीचं, कोण कुठल्या साली, हे घरोघर विचारून लिहून ठेवाल का?

वही घेऊन फिरतोय. सुकडीच्या आधीचा की नंतरचा. शाळेच्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा पोटात होता की रांगत होता. म्हाताऱ्यांना सगळं आठवतं, कुणी कधी विचारलंच नव्हतं. मीही नाही. बाळूतात्या म्हणाला, "माझं आनखी कमी व्हतंय का बघा, गुरुजी. दुसरी करावी म्हनतो." आतून त्याची बायको, "करा की! ती तरी सरपण फोडंल!"

राहून गेलेले पाच-सहा जण चाळिशीपार निघाले. त्यांना सांगितलं, आता तपासून घ्या, चुकवू नका. कुणी का विचारलं नाही. गुरुजी सांगतात म्हणजे

बबनच्या घरापर्यंत दोनदा गेलो. दोनदा वळलो. पुण्याला कळवलं, शेजारी कळवता येत नाही.

१३ जुलै, मंगळ.

भाताची आवणी जोरात. वाडी सगळी खाचरांत वाकलेली. सौ.ही शेजाऱ्यांच्या आवणीला गेली. बबनला घरी आणून महिना होत आला. बायको खाचरात असेल. आज जायचंच. काय बोलायचं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं, साहेब तपासणीला यायचे तेव्हा स्वागताचं लिहायचो तसं. 'बबन, तुझं वय मी माझ्या मनानं लिहिलं.' पुढे दोन वाक्यं. मोठ्यानं म्हणून पाहिलं. दुसऱ्या वाक्यावर अडलो. पुन्हा म्हणत होतो तोच कडी वाजली.

हौसाबाई. हल्ली तिला घरची पायरी उतरवत नाही, आणि चढ चढून इथवर आलेली, एकटी. धाप लागली होती. आत या म्हणालो. "नगं, पाय चिखलाचं हायेत."

भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, तुमी वयं इचारीत फिरताय म्हनं. आमच्याकडं नका इचारू. बबन्याला कळंल. त्याचं वय मीच चोरलं व्हतं. शाळंत घालताना मीच म्हनलं तुमाला, सहाच लिवा. आन् त्या दिशी टेबलापाशी मला ठावं व्हतं की वो, किती वर्सांचा हाय त्यो. तुमच्या लिवन्यापुढं कसं बोलू? गप ऱ्हायले. माज्या पोराला मीच खाल्लं, गुरुजी. त्याला सांगू नका."

मला लख्ख आठवतं. तिनं दहावं लागंल म्हणून सांगितलं होतं. वर बोटांवर मोजून दाखवलं होतं. सहा मी लिहिलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पाणी आणतो म्हणालो आणि आत आलो. तांब्या भरलाय. ती बाहेर उभी आहे, आणि मी हे लिहीत बसलोय.