आज निरोप पोचवायला मी नाही

वहिनी,

मी शेजारी लीलाकडे गेले आहे. पुरुषमंडळींची जेवणं होईपर्यंत येत नाही. कोशिंबिरीत मीठ घालायचं राहिलंय.

माझ्या कॉलेजचं आप्पा आज पानावरच ठरवणार. माधवदादा म्हणेल, मुंबई युनिव्हर्सिटीची पदवी म्हणजे पदवी. खरंच आहे की ते. पण त्याच्या कॉलेजात मुली प्रोफेसरांच्या मागून वर्गात येतात नि त्यांच्याच मागून बाहेर जातात, हेही त्यानंच सांगितलंय. तुम्ही तर महिला विद्यापीठात वादसभा गाजवल्यात, नाटकात मिशी लावून सेनापती झालात. धुणं वाळत घालताना ते सांगता, तेव्हा तुमचा आवाज लीलाच्या गच्चीपर्यंत जातो. असा आवाज जिथं मिळतो, तिथंच मला जायचंय.

आप्पा तुम्हाला विचारतीलच. या घरात कॉलेज पाहिलेली बाई तुम्हीच. एरवी तुम्ही दाराआडून "वन्सं, मामंजींना सांगा ना" म्हणता आणि मी सांगते. आज सांगायला मी नाही, म्हणून तुम्हालाच बोलावं लागेल.

सेनापतीच्या आवाजात बोला. मी लीलाच्या गच्चीत बसले आहे.

तुमची
सिंधू