भिंत नुसती आडोशाची होती

२ एप्रिल
माझ्या बायकोचे, मार्लिसचे, वडील ऑर्व्हिल कायमचे आमच्याकडे राहायला आले. जिना चढताना त्यांचे गुडघे कुरकुरतात. तेव्हा मागच्या अंगाला त्यांच्यासाठी खोली वाढवायची आणि किचन-हॉलमधली भिंत काढून सगळं मोकळं करायचं. घर १९५४चं. त्या काळी लोकांना मोकळेपणाची भीती वाटत असावी. इंजिनिअरची गरज नाही. भिंतीवर टकटक करून पाहिलं. पोकळ आवाज आला. म्हणजे नुसती आडोशाची.

६ एप्रिल
भिंत पाडली. घर केवढं दिसतंय! शेजारच्या मिसेस वोयचिक डोकावल्या आणि वरचं वजन आता कशावर आहे, असं त्यांनी विचारलं. मी हसलो. त्या गेल्यावर वर काय आहे ते पाहून आलो. बाथटब. ओतीव लोखंडाचा.

९ एप्रिल
छताला एक रेघ. रंगाची असणार. मी घाबरलेलो नाही. जुनं लाकूड थोडं खाली बसतंच, असं मार्लिसला जेवताना समजावलं. मग हेल्मेट घालून का जेवतोयस, म्हणाली. सवय लागलीये, म्हटलं.

१२ एप्रिल
रेघेत आता पोस्टकार्ड शिरतं. कुंपणाचा एक खांब आणून छताला टेकू दिला. चार बोटं कमी पडला, खाली टेलिफोन डिरेक्टरी सरकवली. पाइप बदलायचेत असं सांगून वरच्या बाथरूमवर 'बंद'ची पाटी लावली. आंघोळीला सगळे मिसेस वोयचिककडे. ऑर्व्हिल खांद्यावर टॉवेल टाकून रस्त्याने जातात. लढाईतसुद्धा मला शेजाऱ्याचा साबण मागावा लागला नव्हता, म्हणाले.

१५ एप्रिल
ऑर्व्हिलनी आरामखुर्ची नेमकी खांबाला टेकवली. तिथून टीव्ही छान दिसतो म्हणे. खिडकीपाशी ऊन आहे, सांगून पाहिलं. इथे वारा लागेल, सांगून पाहिलं. हलेनात. खरं कारण सांगावं तर म्हातारा माणूस उगाच घाबरेल. मी एकटा पुरेसा आहे.
निश्चय: उद्या इंजिनिअरला फोन.

१६ एप्रिल
फोन लावला. त्याने उचलला. मी ठेवला.
मागच्या खोलीच्या पायाचा खड्डा पावसाने भरलाय. त्यात एक बदक उतरलं. मार्लिस बराच वेळ बघत होती. एकूण प्रगती समाधानकारक.

२० एप्रिल
 
सकाळी मार्लिस पॅनकेक करत होती. वरून नळाचा आवाज. ऑर्व्हिल शेजारच्या आंघोळीला कंटाळून, एकेक पायरी करत वर गेले होते आणि पाटी बाजूला ठेवून टब भरत होते. छत कण्हलं. माझ्या बशीत पांढरी भुकटी पडली. त्यानंतरचं आठवतं ते अंगणातलं. तिथून मी जीव खाऊन ओरडलो, मार्लिस, बाहेर ये!
ती बाहेर आली नाही. वर गेली. टबाचं बूच काढलं, वडिलांना टॉवेलात गुंडाळलं, हाताला धरून सावकाश खाली आणलं. त्यांना मिसेस वोयचिकच्या पायरीवर बसवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चिडली असती तर बरं झालं असतं.
"डेल, तू ओरडलास ते बाहेर पोचल्यावर."
बाहेरून आवाज नीट जातो, म्हटलं. मला ते तेव्हा पटलंही होतं.

२४ एप्रिल
मार्लिसनेच इंजिनिअर बोलावला. त्याने दारातून एकदा वर पाहिलं आणि कोणालाही आत पाऊल टाकू दिलं नाही. छत आता लोखंडी टेकूंवर आहे. मागचा खड्डा बुजवायचा. भिंत होती तिथेच परत उभारायची, आधीपेक्षा जाड. तोवर मुक्काम मिसेस वोयचिककडे. बापलेकीला खोली, मला सोफा.
इंजिनिअरने विचारलं, भिंत पाडली कोणी?
आधीच्या मालकाने, मी म्हणालो.
मार्लिस माझ्या मागेच उभी होती.
"बरोबर," ती म्हणाली. "आधीच्या मालकानेच. यापुढे काय विचारायचं ते मला विचारा."