तान काकांचा प्रश्न

वाखनिंगन,
रविवार, ता. २ फेब्रुवारी २०२५

ती. शोभाआत्या हिस,
स्वप्निलचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून नेहमीप्रमाणे हाताने लिहून फोटो अवनीच्या मोबाईलवर पाठवतो आहे. मात्र या वेळी अवनीने फोटो उघडून द्यावा आणि बाजूला व्हावं. शेजारच्या पोरीला मी गुपितं सांगत नाही, असं तिला माझ्या नावाने सांग.

अपूर्वाला दिवस गेले आहेत. सातवा आठवडा चालू आहे. सकाळी तिला मळमळतं, तरी साडेआठला सायकलवरून विद्यापीठात जाते. मी सायकलचे ब्रेक रोज तपासतो. यावर ती हसते.

इथे सुरुवातीला डॉक्टर नाही, सुईण बघते. तिने काय खाऊ नये याची यादी दिली. ती मी मराठीत उतरवून फ्रिजवर लावली होती, पण कोणी घरी आलं तर वाचेल म्हणून आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. कच्चे किंवा अर्धे शिजलेले मासे आणि शिंपले यांच्या खाली मी दोन रेघा मारल्या आहेत. त्यातल्या एका जंतूने आईला नुसता ताप येतो, पण बाळ जाऊ शकतं. ते वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे.

आता अडचण. अश्लेषा आणि ऋषभ तुला ठाऊक आहेत. अश्लेषा म्हणजे अपूर्वाची कॉलेजातली मैत्रीण, मालवणची. दोघं नवरा-बायको अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात राहतात. त्यांच्या घराजवळ तान काकांचं सहा टेबलांचं हॉटेल आहे. काका तेओच्यू आहेत, म्हणजे चीनच्या दक्षिण किनाऱ्याकडचे. दर दोन महिन्यांनी आम्ही चौघं तिथे जेवतो. येत्या शनिवारी जायचं आहे आणि अश्लेषाने शिंपले आधीच सांगून ठेवले आहेत. ते लोक शिंपले उकळत्या पाण्यातून नुसते काढतात. आत लालच असतात.

जाणं टाळू, की त्यांना खरं सांगू? अपूर्वा म्हणते, आत्यांना विचार. तुझं उत्तर येईपर्यंत मी काहीच ठरवत नाही.

उत्तराची वाट पाहणारा,
तुझा
स्वप्निल


मिरज,
ता. ४ फेब्रुवारी २०२५

चि. स्वप्निल यास,
शोभाआत्याचे अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. अवनी दाराशी उभी राहून विचारत होती, आजी रडता का हसता. मी म्हटलं, कांदा चिरते आहे. समोर कांदा नव्हता.

तिसरा महिना सरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. जिवाभावाची मैत्रीण असली तरी नाही. मी माझ्या वेळी दुसऱ्याच महिन्यात शाळेतल्या बायकांना पेढे दिले होते. पुढे काय झालं ते तू जाणतोस. त्यानंतर घरात पाळणा आला नाही, आलास तो तू, चार वर्षांचा, नाक गळणारा. तेव्हा माझं ऐक.

जाणं मात्र टाळू नका. नेहमी जाणारी माणसं आली नाहीत की लोक बोटांवर आठवडे मोजतात. जा, हसा, बोला. तिच्या पानातलं तू गुपचूप काढून घे. लहानपणी कारल्याची भाजी खिशात घालणाऱ्याला हे शिकवायला नको.

आणि ते ब्रेक तपासणं चालू ठेव. हसू दे तिला.

दोघांना जिवापाड जप. सूनबाईला माझा आशीर्वाद सांग.

शोभाआत्या


वाखनिंगन,
रविवार, ता. ९ फेब्रुवारी २०२५

ती. शोभाआत्या हिस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच केलं. कोणालाही कळलं नाही. तरी काल रात्रीपासून मला स्वस्थता नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

आम्ही पोचलो तेव्हा तान काकू खिडकीत हंसाचं मांस कापत होत्या. टेबलावर चहा आला. त्यांच्याकडे माणसं कितीही असोत, पेले तीनच ठेवतात आणि एक जण थांबतो. ऋषभ म्हणाला की स्वप्निलरावांना थांबवा, ते पेला आधी उजेडात धरून बघतील, तोवर आपला दुसरा चहा होईल. सगळे हसले. मी पेला खरंच उजेडात धरला होता.

थंड मासा, हंस आणि पातळ भात झाला. मग तान काका हात पुसत आले. शिंपले देण्याआधी ते प्रत्येक टेबलाशी येऊन विचारतात, पोटात बाळ आहे का कोणाच्या, ताप आहे का, लिव्हरचं दुखणं आहे का. एकाने सगळ्यांच्या वतीने सांगितलेलं त्यांना चालत नाही. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून नाही ऐकतात, मगच आत जातात. अश्लेषा म्हणाली, नाही काका, आणा लवकर, मालवणच्या माणसाला हे काय विचारता. ऋषभ नाही म्हणाला. अपूर्वा नाही म्हणाली. काका तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले असं मला वाटलं. मग मी नाही म्हणालो.

प्रत्येकाला वाटीत दहा-दहा शिंपले आले. माझे दहा मी औषधासारखे गिळले. अपूर्वाच्या वाटीतले चार ऋषभची पाठ वळल्यावर खाल्ले. पुढे मला जाईना. तेव्हा उरलेले सहा मी हळूच माझ्या वाटीत घेतले, मग माझेच असल्यासारखे उघडपणे, थट्टेनेच, अश्लेषाच्या वाटीत ओतले आणि म्हणालो की दहावर समाधान मानणारी मालवणी बाई मी पाहिली नाही. ती थबकली. ऋषभकडे तिने एकदा पाहिलं. मग म्हणाली, आलिया भोगासी म्हणतात ते हेच, आणि सगळे खाल्ले. निघण्याआधी मी माझ्या रिकाम्या शिंपांतल्या दहा उचलून अपूर्वाच्या ताटलीत मांडल्या. तिने खाल्ले नाहीत अशी शंका कोणाला आली नसती.

बाहेर आल्यावर अश्लेषा अपूर्वाला म्हणाली की तुझा नवरा फार लबाड आहे. दोघी एकमेकींच्या हातात हात घालून मेट्रोपर्यंत चालत गेल्या. आज सकाळपासून मला वाटतं आहे की ती थबकली, तेव्हा मी काहीतरी विचारायला हवं होतं. काय, ते मात्र कळत नाही.

तुझा आशीर्वाद राहू दे.

स्वप्निल


वाखनिंगन,
सोमवार, ता. २४ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७

ती. शोभाआत्या हिस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मिळताच वाच. अवनीने वाचून दाखवलं तरी चालेल.

अश्लेषाला दिवस गेले आहेत. अकरावा आठवडा. त्यांच्या घरीही हेच ठरलं होतं, तीन महिने कोणाला सांगायचं नाही. तान काकांनी विचारलं तेव्हा तीही आमच्यासारखीच खोटं बोलली. नेहमी मागवते ते नको म्हटलं तर आम्हाला कळेल, म्हणून खाल्ले. आणि वर मी ओतलेले सहा.

बुधवारपासून तिला ताप आहे. डॉक्टरांनी आधी साध्या गोळ्या देऊन थांबायला सांगितलं. शनिवारी पाठ धरली, हुडहुडी भरली, तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमच्या रुग्णालयात दाखल केलं. रक्त तपासायला गेलं आहे, त्याला वेळ लागणार. काल संध्याकाळी ऋषभचा फोन आला. बाळाचं सांगताना तो माफी मागत होता, की इतके दिवस तुमच्यापासून लपवलं.

मग त्याने विचारलं की अपूर्वानेही तेच खाल्ले होते ना, ती कशी आहे. आत्या, मी म्हणालो की अपूर्वा ठणठणीत आहे. यातला एकही शब्द खोटा नव्हता. ऋषभने मोठा श्वास सोडला आणि तिथूनच अश्लेषाला ओरडून सांगितलं की बघ, अपूर्वाला काही झालेलं नाही, म्हणजे शिंपल्यांचं काही नाही. ती लाजेने डॉक्टरांशी शिंपल्यांबद्दल बोललीच नव्हती. आता बोलणारही नाही.

ज्या जंतूखाली मी रेघा मारल्या होत्या, त्यावर औषध आहे. पण ते वेळेवर सुरू व्हावं लागतं, आणि त्यासाठी डॉक्टरांना संशय यावा लागतो. हे चौघांत फक्त मला नीट माहीत होतं, आणि माझ्याच तोंडून तो संशय पुसला गेला.

अपूर्वा रात्रभर रडते आहे. मी ऋषभला चार वेळा फोन लावला, तो बंद आहे. रुग्णालयातली बाई म्हणाली की घरच्यांशिवाय कोणाला रुग्णाची माहिती देत नाहीत. मी म्हणालो की मला द्यायची आहे, घ्यायची नाही, पण माझी भाषा अपुरी पडली. ७.४० च्या बसने आम्ही दोघं निघतो आहोत. तुझ्या उत्तरासाठी थांबत नाही, राग मानू नकोस.

स्वप्निल


मिरज,
ता. २४ फेब्रुवारी २०२५

चि. स्वप्निल यास,
अ. उ. आ.

थांबला नाहीस, बरं केलंस. राग तुझ्यावर नाही.

मी तुला पेढ्यांचं लिहिलं, ते अर्धंच लिहिलं. माझं बाळ पेढ्यांनी गेलं नाही. मला चार दिवस ताप होता आणि मी शाळेच्या तपासणीसाठी तो अंगावर काढला. डॉक्टरीणबाई तोंडावर म्हणाल्या होत्या की पहिल्याच दिवशी यायला हवं होतं. ते मी तुझ्या काकांनाही कधी सांगितलं नाही. दृष्ट लागली म्हटलं की शेजारणी जवळ बसतात, डोक्यावरून हात फिरवतात. चूक झाली म्हटलं तर कोण बसणार? चाळीस वर्षं तेच सांगत राहिले आणि शेवटी माझं मलाच खरं वाटू लागलं. त्यावरून तुम्हाला सल्ला दिला.

त्या पोरीला सांग की हे आत्याने सांगितलं होतं. माझं नाव घे. लपवू नकोस.

काय झालं ते लगेच कळव. मी अवनीला घरी जाऊ दिलेलं नाही.

शोभाआत्या


वाखनिंगन,
बुधवार, ता. २६ फेब्रुवारी २०२५

ती. शोभाआत्या हिस,
सा. न. वि. वि.

काल दिवसभर लिहायचा धीर झाला नाही. तुझं पत्र मिळालं. तुझं नाव मी घेतलं नाही. प्रश्न तान काकांनी मला विचारला होता, तुला नाही.

सोमवारी दहाच्या सुमारास पोचलो. ऋषभ खाली कॉफीच्या यंत्रापाशी भेटला. आम्हाला बघून त्याचा चेहरा उजळला. मी तिथेच, उभ्याउभ्या, सगळं सांगितलं: अपूर्वाला दहावा आठवडा आहे, तिने एकही शिंपला खाल्ला नाही, तिच्या वाटीतले सहा मी अश्लेषाच्या वाटीत ओतले, रिकाम्या शिंपा माझ्या होत्या. तो कप धरून ऐकत होता. मग एवढंच म्हणाला की हे वर येऊन सांग, डॉक्टरांसमोर, आत्ता.

डॉक्टर तरुण बाई होती. तिने तारीख विचारली, किती शिंपले ते विचारलं. मी सोळा म्हणालो. तिने लिहून घेतलं आणि लगेच बाहेर जाऊन नर्सशी बोलली. वीस मिनिटांत सलाईनमधून औषध सुरू झालं. काल तपासणीत तोच जंतू निघाला. डॉक्टर म्हणाली की तपासणीची वाट बघत बसलो असतो तर दीड दिवस गेला असता. तो दीड दिवस पुरेसा आहे का, हे ती सांगू शकत नाही. बाळाचे ठोके आहेत, पण ती कशाचीही हमी देत नाही. ताप उतरलेला नाही.

मी बोलत होतो तेव्हा अश्लेषा माझ्याकडे बघत नव्हती, अपूर्वाकडे बघत होती. डॉक्टर गेल्यावर तिने अपूर्वाला विचारलं की मळमळतं का. अपूर्वा म्हणाली, खूप. अश्लेषा म्हणाली की मला परवापासून मळमळायचं थांबलं आहे. अपूर्वाने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

सोमवारी परतताना आम्ही तान काकांकडे गेलो, कारण आरोग्य खात्याचे लोक त्यांच्याकडे येणारच. मी त्यांना सांगितलं की तुम्ही चौघांना विचारलं होतं, हे मी लिहून देईन. स्वतःवर येणाऱ्या चौकशीबद्दल त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी फक्त विचारलं की दोघींपैकी आजारी कोण. मी सांगितलं. ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत, म्हणून आम्ही निघालो.

उद्या सकाळी नऊला अश्लेषाची सोनोग्राफी आहे. आम्ही सुट्टी काढून ठेवली होती. आज दुपारी ऋषभचा निरोप आला की उद्या तुम्ही येऊ नका. अपूर्वाचं पोट आता कपड्यातून दिसेल असं अश्लेषाला वाटतं. मी त्याला लिहिलं की अजून काहीच दिसत नाही. त्यावर त्याने उत्तर दिलं की माहीत आहे, तरी नका येऊ. त्याने हे रागाने लिहिलेलं नाही. रागाने लिहिलं असतं तर मी रुग्णालयाच्या जिन्यात तरी जाऊन बसलो असतो.

अपूर्वा आत झोपली आहे. तिला बरं आहे, आणि ते ती हल्ली हळू आवाजात सांगते.

आमच्यासाठी काही मागू नकोस. जे मागायचं ते तिच्यासाठी माग.

तुझा
स्वप्निल